काशीची प्राचीनता आणि मराठ्यांचे घाट

तीर्थाचे वय आणि तीर्थातील वास्तूंचे वय या दोन भिन्न गोष्टी होत. तीर्थक्षेत्रांच्या इतिहासात त्यांची गल्लत वारंवार होते, आणि काशीच्या बाबतीत तर ती जवळजवळ अपरिहार्य ठरते. गंगेच्या पात्रातून असीपासून वरणा-संगमापर्यंत नावेने जाणाऱ्या यात्रेकरूस डाव्या हाताला दगडी पायऱ्यांची, वाड्यांची व शिखरांची एक अखंड रांग दिसते. अतिप्राचीन नगरी आपण प्रत्यक्ष पाहत आहोत अशी त्याची समजूत होते. नगरी प्राचीन आहे यात संशय नाही. परंतु जो दगड त्याच्या दृष्टीस पडतो त्याचा फार मोठा भाग अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील आहे, आणि त्यातील लक्षणीय हिस्सा मराठी सत्ताधीशांच्या, त्यांच्या कारभाऱ्यांच्या व त्यांच्या घराण्यांतील स्त्रियांच्या द्रव्यातून उभा राहिला आहे. ज्या नगरीवर मराठ्यांचे राज्य एक दिवसही नव्हते, त्या नगरीचे दर्शनी रूप त्यांनी कसे घडविले, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

प्रथम स्थळाचा विचार करणे अवश्य आहे. पूर्वेकडे वाहणारी गंगा काशीपाशी उत्तरवाहिनी होते. तिचा पश्चिम तीर कंकरमिश्रित चिकणमातीचा, उंच व टणक आहे. समोरचा तीर सखल असून पावसाळ्यात जलमय होतो. म्हणून वस्ती एकाच तीरावर झाली व पलीकडचे वाळवंट मोकळे राहिले. उत्तरेस वरणा-संगमानजीक राजघाट येथे १९४० मध्ये रेल्वेच्या कामासाठी खोदाई चालू असता प्राचीन अवशेष उघडे पडले. पुढे १९५७ पासून काशी हिंदू विश्वविद्यालयाने तेथे केलेल्या पद्धतशीर उत्खननांनी वस्तीचा आरंभ इ. स. पूर्व आठव्या शतकाच्या सुमारास नेला. प्राचीन वाराणसी या पठारावर होती. आजचा गजबजलेला भाग तिच्या दक्षिणेस आहे. म्हणजे नगरीचे केंद्रही कालांतराने नदीच्या काठाकाठाने सरकत आले आहे.

केंद्राप्रमाणे आराध्यदैवतातही स्थित्यंतर झालेले दिसते. नेपाळात मिळालेल्या, इ. स. ८१० मध्ये नकललेल्या स्कंदपुराणाच्या पोथीत वाराणसीचे माहात्म्य अविमुक्त क्षेत्राच्या नावाने गायिले आहे. बाराव्या शतकात गाहडवालवंशीय गोविंदचंद्राचा मंत्री लक्ष्मीधर याने आपल्या ‘कृत्यकल्पतरू’च्या तीर्थविवेचनकांडात काशीला अग्रस्थान दिले, तेव्हाही अविमुक्तेश्वराचे महत्त्व टिकून होते. त्याच घराण्यातील राजांचे ताम्रपट वरणा-संगमावरील आदिकेशवाच्या घाटावर स्नान करून दान दिल्याचे नोंदवितात. विश्वेश्वराचे सर्वश्रेष्ठत्व यानंतरचे असून काशीखंडात ते पूर्णपणे प्रस्थापित झालेले आढळते. आज ‘काशी म्हणजे विश्वनाथ’ हे समीकरण जितके स्वयंसिद्ध वाटते, तितके ते सर्वकाळ नव्हते.

इ. स. ११९४ मध्ये चंदावरच्या लढाईत जयचंद्राचा पाडाव झाल्यावर कुतुबुद्दीन ऐबकाच्या सैन्याने काशी लुटली. त्यानंतरच्या शतकांत मंदिरे पडली, पुन्हा उभारली गेली व पुन्हा पडली. गाहडवालकालीन शैलीचा प्रत्यय देणारे एक जुने मंदिर आज पाहावयाचे झाल्यास घाट सोडून नगराबाहेर कंदवा येथे, पंचक्रोशी यात्रेच्या पहिल्या मुक्कामावर, कर्दमेश्वराकडे जावे लागते. मुख्य नगरीत त्या काळचे असे मंदिर न उरता ते परिघावर उरावे, ही गोष्ट फार बोलकी आहे.

वास्तू नष्ट होऊनही तीर्थ का टिकले, याचे शास्त्रीय उत्तर ज्याने दिले तो पंडित मूळचा गोदातीरीच्या घराण्यातील होता. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीस येऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी प्रयाग, काशी व गया या तीन क्षेत्रांच्या यात्राविधीवर ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ रचिला. त्यात एक व्यावहारिक शंका उपस्थित केली आहे. परधर्मीयांच्या सत्तेमुळे विश्वेश्वराचे लिंग स्थानी नसेल, किंवा मूळच्या जागी दुसरे असेल, तर यात्रेकरूने काय करावे? नारायणभट्टांचा निर्णय असा की, त्या स्थानी जे लिंग असेल त्याची पूजा करावी. आणि कोणतेच नसेल, तर लिंगावर अवलंबून असणारे स्नपनादी उपचार सोडून प्रदक्षिणा, नमस्कार इत्यादी विधी त्या स्थानाच्याच ठायी करावेत. दैवताची मूर्ती बदलू शकते, तिचा लोपही होऊ शकतो. स्थान मात्र बाधित होत नाही. हा निर्णय सांत्वनापुरता नसून यात्रेची परंपरा अविच्छिन्न ठेवणारी धर्मशास्त्रीय तरतूद होती. १५८५ च्या सुमारास विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे राहिले. परंपरा त्याचे श्रेय नारायणभट्टांना व राजा तोडरमल यास देते. १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने ते पाडले गेले, तेव्हा शंभर वर्षांपूर्वी दिलेला निर्णय पुन्हा प्रत्ययास आला.

भट्ट घराण्याप्रमाणे अनेक दाक्षिणात्य विद्वत्कुले काशीत नांदत होती. एकनाथांनी आपले भागवत १५७३ मध्ये काशीतच पुरे केले. नारायणभट्टांच्या वंशात कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ लिहिला व नीलकंठभट्टांनी ‘मयूख’ रचिले. १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे याच कुळातील. मराठ्यांची सत्ता उत्तरेत पोहोचण्यापूर्वी मराठी विद्वत्ता काशीत अशी रुजलेली होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय अठराव्या शतकातील घडामोडींचा उलगडा होत नाही.

त्या शतकात उत्तरेत पाऊल टाकताच काशी व प्रयाग आपल्याकडे असावीत अशी आकांक्षा पेशव्यांच्या दरबारी उत्पन्न झाली. बाळाजी बाजीरावाने १७५९ मध्ये दत्ताजी शिंद्यास पाठविलेल्या सूचनांत ही दोन क्षेत्रे शुजाउद्दौल्याकडून मिळविण्याचा आग्रह आहे. दोनच वर्षांनी पानिपत झाले व तो मनोदय मागे पडला. १७७५ च्या तहाने काशीची जमीनदारी अयोध्येच्या नवाबाकडून इंग्रज कंपनीकडे गेली आणि १७८१ मध्ये चेतसिंहाचे बंड मोडल्यावर कंपनीची पकड पक्की झाली. काशीस्थ ब्राह्मणांची या प्रश्नातील भूमिकाही तितकीच उद्बोधक आहे. मराठी फौजा दुआबात वावरत असता विश्वेश्वराच्या मूळ जागी पुन्हा मंदिर उभारण्याची भाषा निघे. परंतु फौज परतल्यावर नवाबाचा कोप आपणांवर होईल, या भयाने तेथील ब्राह्मण चिंताग्रस्त होत, हे अठराव्या शतकाच्या मध्यावरील मराठी पत्रव्यवहारातून स्पष्ट होते. तलवारीने क्षेत्र घेण्याची कल्पना जितकी पुण्यास सुलभ वाटे, तितकी ती मणिकर्णिकेवर राहणाऱ्यास वाटत नसे.

जे फौजेस साधले नाही ते यात्रेस, सावकारीस व कारागिरीस साधले. थोरल्या बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई १७३५ च्या आरंभी पुण्याहून निघाल्या आणि काशीयात्रा करून १७३६ मध्ये परतल्या. पुत्राचे मोगलांशी युद्ध चालू असता राजपूत राजांनी त्यांचा सत्कार केला, सवाई जयसिंहाने आतिथ्य केले आणि मराठ्यांशी लढलेल्या मुहम्मदखान बंगशानेही त्यांच्या प्रवासास संरक्षण दिले. याच दशकात सदाशिव नाईक जोशी हा पेशव्यांचा हस्तक काशीत राहून घाटांच्या कामाविषयी पत्रे लिहीत होता. ती पेशवे दप्तरात आहेत. कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर हे पेशव्यांना पूज्य असलेले सत्पुरुष काशीस येऊन राहिले व दुर्गाघाट, ब्रह्मघाट या परिसरास मराठी वस्तीचे रूप आले. पुण्यातील द्रव्य हुंडीने काशीस उतरे, चुनारच्या खाणींतील दगड येई, आणि जमिनीसाठी स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळवावी लागे. प्रत्येक पायरीमागे असा एक करार होता.

या प्रकारच्या कार्याचे श्रेष्ठ उदाहरण अहिल्याबाई होळकर यांचे होय. १७८० च्या सुमारास त्यांनी विश्वनाथाचे विद्यमान मंदिर बांधविले. ते जुन्या जागेवर नसून तिच्या दक्षिणेस, ज्ञानवापीच्या पलीकडे आहे. मशिदीस हात न लावता, जवळची जागा घेऊन, पूजा पुन्हा सुरू करण्याचा हा मार्ग नारायणभट्टांच्या निर्णयाशी सुसंगत होता, असे म्हणता येईल. १७८५ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या आज्ञेने काशीचा न्यायाधिकारी अली इब्राहिमखान याने मंदिराच्या दारी नौबतखाना बांधविला. १८२८ मध्ये बायजाबाई शिंदे यांनी ज्ञानवापीच्या विहिरीभोवती स्तंभयुक्त मंडप उभारला, आणि १८३० च्या दशकात रणजितसिंहाने दिलेल्या सोन्याने शिखर मढले. मराठी राणी, इंग्रज गव्हर्नर जनरल, मुसलमान न्यायाधिकारी व शीख महाराजा या सर्वांचा हात लागलेल्या या वास्तूस केवळ ‘प्राचीन मंदिर’ म्हणून मोकळे होणे म्हणजे तिचा इतिहासच पुसून टाकणे होय.

मराठ्यांचा वाटा सांगताना अतिशयोक्तीचा दोष टाळला पाहिजे. आमेरच्या मानसिंहाचा मानमहाल व त्यावरील जयसिंहाची वेधशाळा, तसेच बंगालच्या राणी भवानीने बांधविलेले दुर्गामंदिर हीही काशीचीच अंगे आहेत. शिवाय नदी हा स्वतंत्र घटक आहे. दर पावसाळ्यात पुराचे पाणी पायऱ्यांवर चढते, गाळ साचतो, पाया पोखरला जातो. बायजाबाईंनी १८३० च्या सुमारास बांधविलेला शिंदेघाट स्वतःच्याच भाराने खचला. त्यालगतचे कललेले रत्नेश्वर मंदिर आजही दिसते. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधविलेल्या घाटावरील वास्तू १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी विकत घेतली व घाटाच्या एका भागास दरभंगा हे नाव पडले. दगड जितका टिकाऊ वाटतो तितका नसतो. दात्याचे नाव तर त्याहूनही अल्पायुषी असते.

याउलट यात्रेचा क्रम पाहावा. असी, दशाश्वमेध, आदिकेशव, पंचगंगा व मणिकर्णिका ही पंचतीर्थी एकाच दिवसात करणारा यात्रेकरू नगरीच्या दोन्ही टोकांस स्पर्श करतो, आणि राजघाटाच्या जुन्या पठाराच्या पायथ्याशी असलेले आदिकेशव त्यात आजही अपरिहार्य आहे. नगरीचे केंद्र दक्षिणेस सरकले, राजवंश लोपले, तरी गाहडवाल राजे जेथे स्नान करीत ते स्थान यात्रेतून गळले नाही. काशीची प्राचीनता दगडात शोधू जाता हाती लागत नाही. ती पावलांच्या या क्रमात सापडते.

१३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथ मंदिरापासून गंगेपर्यंतच्या विस्तृत आवाराचे उद्घाटन झाले. त्यासाठी दाटीवाटीची अनेक घरे पाडण्यात आली, गल्ल्या नाहीशा झाल्या, घरांच्या पोटात दडलेली काही लहान मंदिरे उघडी झाली, आणि आवारात अहिल्याबाईंची प्रतिमा बसविण्यात आली. या बदलाचे मूल्यमापन काशीच्या मागील बांधणीशी तुलना करूनच करावे लागेल. नवा दगड हा काशीच्या परंपरेत अपवाद नव्हे. नवा दगडच तेथे पिढ्यानपिढ्या जुना मानला गेला आहे. कोणत्या जुन्या वाटा नव्या बांधणीत टिकल्या व कोणत्या बुजल्या, हे पाहणे अभ्यासकाचे काम आहे, आणि त्यासाठी घाटांवरील शिलालेखांइतकेच दप्तरांतील पत्रे व हुंड्या, आणि आजही पायी चालणाऱ्या यात्रेकरूंचे मार्ग, नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे.