तबकडी आणि वही

१०८६ साली इंग्लंडच्या विल्यम राजाने गावोगावच्या जमिनी व नांगर मोजवले. कातड्यावर लिहिलेले ते डूम्सडे बुक लंडनच्या क्यू भागात जपलेले आहे. लॅटिन येणाऱ्याला ते अजून वाचता येते. नऊशे वर्षांनी, १९८६ साली, बीबीसीने नवी नोंद केली. दहा लाखांवर लोकांनी, त्यांत शाळकरी मुलेही पुष्कळ, आपल्या गावची माहिती दिली आणि ती लेझर तबकड्यांवर उतरवली. पण यंत्र फार महाग, थोड्याच शाळांनी घेतले. पंधरा वर्षांत तबकडी शाबूत, पण ती वाचणारे यंत्र मिळेना! २००२ च्या सुमारास लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या मंडळींनी नव्या संगणकाला जुन्याचे सोंग घ्यायला लावले, तेव्हा कुठे ती माहिती पुन्हा दिसली.

आपल्या हाईम सॅम्युएल किहीमकरांनी बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला. मधली चाळीस वर्षे कागदाने निभावली.

आमच्या कपाटातल्या कीर्तनाच्या कॅसेटना एवढा धीर कुठला? गेल्या पेसाहला एक लावली. मामींचा आवाज दोन ओळी आला आणि फीत गुंतून तुटली. उरलेल्या तीन नातवाने संगणकावर उतरवल्या. एक प्रत आमच्याकडे, दुसरी अश्दोदला बहिणीकडे. कोण गाते, कुठल्या घरी, कुठल्या साली, हे आम्ही वहीत शाईने लिहिले. पेशंटचे नाव नसलेला केसपेपर काय कामाचा, हे आम्हा नर्सांना कोणी सांगायला नको. नातवाला मराठी वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक ओळीखाली त्याने हिब्रूत लिहून घेतले आहे.