भूजल : भोर आणि वेल्हे तालुके

पुणे जिल्ह्याच्या नैऋत्येकडील, घाटमाथ्याला भिडलेल्या भोर आणि वेल्हे या तालुक्यांतील जमिनीखालचे पाणी. (वेल्ह्याला ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला.) भूजल मूल्यांकनात दोन्ही तालुके ‘सुरक्षित’ गटात मोडतात. हा हिशोब पावसाळ्यात मुरलेल्या पाण्यापैकी किती उपसले जाते, एवढाच असतो. इथे उपसा थोडा, म्हणून शेरा चांगला. पण एप्रिल-मे आला की डोंगरी वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते.

या विसंगतीचे मूळ खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा मुलूख घडला. घाटरस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे हे थर उघडे दिसतात : भरीव काळा पाषाण, पोकळ्यांत पांढरे खडे भरलेला मांजऱ्या खडक आणि मधूनच गेरूच्या रंगाचा तांबडा पट्टा. झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात पाणी मुरते, खालच्या भरीव थराशी अडते, आडवे सरकते आणि उतारावर झरा होऊन बाहेर पडते. नसरापूरजवळ बनेश्वराला नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये देऊळ बांधले. तिथली कुंडे जिवंत झऱ्यांवर भरतात.

साठवण मात्र तुटपुंजी. उतार तीव्र, मुरूम पातळ; त्यामुळे ऑगस्टमध्ये काठोकाठ भरलेल्या विहिरीतले पाणी हिवाळाभर झिरपत ओढ्याला जाऊन मिळते. पाऊस कितीही पडो, भांडेच लहान आहे. बोअर खोल नेला तरी पुष्कळदा नुसता कोरडा पाषाणच लागतो. क्वचित त्याहून वाईट घडते : वरच्या थरातले पाणी बोअरवाटे खालच्या भेगेत उतरते आणि वाडीच्या झऱ्याची धार बारीक होते.

धरणे या तालुक्यांत पुष्कळ आहेत. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे जाते, पानशेत-वरसगावचे पुण्याला. जलाशयाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीला त्या साठ्याचा उपयोग नाही. तिला झरा, आड किंवा हातपंपच.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते आणि मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून टंचाईचा अंदाज बांधते. ऑक्टोबरमधली पातळी चांगली दिसली म्हणून इथे निश्चिंत राहणे धोक्याचे, कारण खरी घट त्यानंतर होते. स्रोत बळकट करण्यासाठी यंत्रणा भूमिगत बंधारे घालते, तसेच खडकातल्या भेगा सिमेंटने बुजवून वाहून जाणारे पाणी विहिरीच्या खालच्या अंगाला थोपवते.

झऱ्याचे रक्षण याहून नाजूक काम आहे. समतल चर कुठे खणायचे हे थरांचा कल पाहून ठरवावे लागते. भरीव पाषाणावर खणलेल्या चरात पाणी साचते, मुरत नाही. सिक्कीमने २००८ पासून ‘धारा विकास’ कार्यक्रमात आधी खडकाचा नकाशा आणि मग चर, असा क्रम धरून झरे सावरले. पुण्याची अ‍ॅक्वाडॅम ही भूजलाचा अभ्यास करणारी संस्था त्या कामाशी जोडलेली होती. ही रीत सह्याद्रीत फार उशिरा पोचली.

कायद्याची नजर मुख्यतः विहिरीवर आहे. १९९३ च्या अधिनियमाने पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास बंदी घातली. पुढे २००९ चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम १ जून २०१४ पासून लागू झाला. सपाटीवर ५०० मीटरचे वर्तुळ पुरेसे ठरू शकते. डोंगरात झऱ्याचे पाणी मुरते ते माळरान कधी खिंडीपलीकडे, दुसऱ्याच ग्रामपंचायतीच्या हद्दीत असते, आणि तिथे बंगल्यांसाठी टेकडी सपाट होत असेल तर खालच्या वाडीच्या ग्रामसभेला ते थांबवता येत नाही.