नाव नीट घ्या, मामा!

दिवाळीला धाराशिवला गेलो होतो. फराळाचं ताट मांडीवर घेऊन बसलो होतो आणि भाची मोबाईलवर तिच्या त्या सात कोरियन पोरांची गाणी ऐकत होती. आपण काही अगदीच जुनाट नाही हे दाखवायला मी म्हणालो, "हा जुंगकुक ना गं?"

गाणं थांबलं. "मामा, जुंगकुक नसतंय ते. जंगुक!"

मी म्हटलं, स्पेलिंग तर तसंच आहे की. जे-यू-एन-जी. त्यावर नववीतल्या पोरीनं जे ऐकवलं ते ऐकून माझी चकली हातातच राहिली. "स्पेलिंग काय त्यानं केलंय का? तुम्हाला त्या क्लायंटचे लोक भलत्याच नावानं हाक मारतेत तवा कसे चिडता?"

मुद्दा बिनतोड होता. गेली कित्येक वर्षं मी कॉन्फरन्स कॉलवर स्वतःच्या नावाचे हाल ऐकतोय, आणि दर वेळी "इट्स ओके" म्हणतोय. पुण्याला परत येताना रात्रभर बसमध्ये हाच किडा डोक्यात होता. मग पुढचे चार-पाच वीकएंड त्यात गेले. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतो. आधीच सांगतो, मी भाषातज्ज्ञ नाही. साधा सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला सगळीकडे डेटा कुठे गळतोय तेवढंच दिसतं.

तर गळती कुठे आहे? कानात नाही, जिभेतही नाही. ती मधल्या रोमन लिपीत आहे. कोरियन माणूस आपलं नाव स्वतःच्या लिपीत लिहितो, कुणीतरी ते रोमनमध्ये उतरवतो आणि आपण ते इंग्रजी शाळेत शिकल्यासारखं वाचतो. दोन कन्व्हर्जन झाली आणि दोन्ही वेळा काहीतरी सांडलं.

जंगुकचंच बघा. त्या 'यू'चा उच्चार 'सुंदर'मधल्या 'उ'सारखा नाही, तो जवळपास आपला 'अ' आहे. हाच स्वर कोरियन सरकारच्या पद्धतीत 'ई-ओ' अशा दोन अक्षरांनी लिहितात, म्हणून आपण राजधानीला सेऊल किंवा सोल म्हणतो. खरं ते 'स-उल'च्या जवळ जातं. त्याच गटातल्या दुसऱ्याला आपण 'ताएह्युंग' म्हणतो, तो आहे 'थेह्यंग'. थ! आपल्याकडे हे अक्षर आहे, शाळेत पहिलीला घोटून घेतलेलं. पण रोमनमध्ये नुसता 'टी' दिसला की आपण ते विसरतो. आडनाव 'पार्क' असेल तर त्यात 'र' मुळात नाहीच. इंग्रजी वाचकानं 'आ' लांब म्हणावा म्हणून तो घुसवलाय. आणि 'ली'? दक्षिण कोरियात ते नुसतं 'ई' आहे. जगभर लाखो माणसं नसलेला 'ल' घेऊन फिरताहेत.

आता जरा इतिहासात जाऊ, कारण खरी गंमत तिथं आहे.

पंधराव्या शतकापर्यंत कोरियात लिहायचं म्हणजे चिनी अक्षरांत. ती हजारोंनी असतात, त्यामुळे लिहिणं-वाचणं मूठभर लोकांपुरतं. सेजोंग राजानं १४४३ साली नवी लिपी तयार केली आणि १४४६ साली ती जाहीर केली. मूळ अक्षरं २८, आज २४. तिच्यात व्यंजनाचा आकार तोंडातल्या हालचालीवरून घेतलाय. 'क'च्या जागेचं अक्षर काटकोनासारखं, कारण जिभेचं मूळ घशाकडे वर उचललं जातं. त्यातच एक रेघ वाढवली की श्वास जास्त, म्हणजे 'ख'. आपल्या बाराखडीत 'क' आणि 'ख' दिसायला एकमेकांचे कुणी लागत नाहीत. तिथं नातं डोळ्यांना दिसतं.

ही सगळी अक्षरं एकावर एक रचून एक ठोकळा बनतो. सुरुवातीची व्यंजनं १९, स्वर २१, शेवटच्या शक्यता २८. गुणाकार करा, ११,१७२ येतात. युनिकोडमध्ये कोरियन ठोकळ्यांना बरोबर ११,१७२ जागा दिलेल्या आहेत. एखाद्या लिपीचा हिशोब असा शेवटच्या पैशापर्यंत जुळला की आमच्या धंद्यातल्या माणसाला गहिवरून येतं.

आणि ही मांडणी आपल्याला ओळखीची का वाटते? त्या लिपीच्या पुस्तकात व्यंजनांचे गट पाडलेत ते दाढा, जीभ, ओठ, दात, घसा या जागांप्रमाणे. आपल्या कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य या वर्गांची आठवण होतेच. ती उगाच नाही. जागेप्रमाणे वर्ण लावायची भारतीय पद्धत बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेली, तिथल्या उच्चारकोशांत मुरली आणि त्या विद्येचा अभ्यास असलेल्या सेजोंगच्या हाताशी आली. म्हणजे भाची ज्या लिपीच्या प्रेमात पडलीय, तिच्या विचारात क-च-ट-त-पचा एक दूरचा धागा आहे.

मग देवनागरीत लिहिलं की काम झालं? नाही ना. कोरियन भाषेत क आणि ग असा आपल्यासारखा फरक नाही. साधा, फुंकरीचा आणि घसा आवळून म्हटलेला असे तीन 'क' आहेत. साधा 'क' शब्दाच्या सुरुवातीला क आणि ख यांच्या मध्ये कुठंतरी येतो, आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडला की 'ग' होतो. बोलणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. म्हणून एकच बंदर १९३९ सालच्या रोमन पद्धतीनं 'पूसान' झालं आणि २००० सालच्या सरकारी पद्धतीनं 'बूसान'. शहर तिथंच, लोक तेच. आपण 'किम' अगदी स्वच्छ कोरड्या 'क'नं म्हटलं, तर त्यांना तो घसा आवळलेला वाटतो. थोडी हवा सोडा, जमेल. आणि 'जंगुक'चा ज 'जीवन'मधला, 'जग'मधला नव्हे. पण हे देवनागरीत कसं दाखवणार? 'चहा' आणि 'चाक' यांतला 'च' वेगळा आहे हे आपल्या लिपीला तरी कुठं दाखवता येतं? आपण सवयीनं वाचतो, इतकंच. गळती आपल्याही पाईपला आहे.

हा क-गचा घोळ वाचताना मला एकदम आमचं तेर आठवलं.

धाराशिवहून जवळच, तेरणेच्या काठी तेर आहे. तेर-ढोकी म्हणतात ते. गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं गाव. दोन हजार वर्षांपूर्वी हे बडं व्यापारी शहर होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषेतल्या व्यापारी मार्गदर्शिकेत, 'पेरिप्लस'मध्ये, पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं फार मोठं शहर असल्याचं लिहिलंय. तिथून कापड आणि मलमल गाड्यांत भरून भरुचच्या बंदरावर जायची. पुढे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत 'तगरपुरवराधीश्वर' अशी बिरुदावली मिरवत होते.

आणि एवढं मोठं तगर नंतर सापडेना! विद्वानांनी नकाशे पालथे घातले. कुणी म्हणालं देवगिरी, कुणी म्हणालं जुन्नर, रा. गो. भांडारकरांसारख्या माणसानं धारूरकडे बोट दाखवलं. शेवटी १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी दाखवून दिलं की तगर म्हणजे तेर. गाव हरवलं नव्हतंच. लोक रोज त्याचं नाव घेत होते.

झालं काय होतं? प्राकृतातून मराठीत येताना दोन स्वरांमधला 'ग' गळतो. 'नगर'चं 'नेर' होतं, म्हणून संगमनेर, पिंपळनेर. तसंच तगरचं तयर आणि मग तेर. कोरियन माणसाच्या तोंडात दोन स्वरांमध्ये 'क' सैल होऊन 'ग' होतो. आपल्या पूर्वजांच्या तोंडात 'ग' इतका सैल झाला की नाहीसाच झाला. जीभ सगळीकडे सारखीच आळशी!

मला यात महत्त्वाचं वाटलं ते हे. त्या ग्रीक व्यापाऱ्यानं नाव बरोबर लिहिलं होतं. परक्या माणसानं, परक्या लिपीत, तरीही बरोबर. आणि तेरच्या लोकांनी ते बदललं, तेही चूक नव्हतं. पिढ्यान्पिढ्या वापरून उंबरठा झिजावा तसं ते नाव झिजलं. आज तेरला जाऊन कुणी "तुम्ही चुकीचं म्हणता, हे तगर आहे" असं सांगू लागलं तर लोक चहा पाजतील आणि वाटेला लावतील.

पण सगळीच नावं अशी घरच्यांच्या जिभेवर झिजत नाहीत. काहींवर बाहेरून रंधा मारला जातो.

१९३६ चं बर्लिन ऑलिंपिक. मॅरेथॉन जिंकली एका कोरियन तरुणानं. नाव सोन गीजंग. पण १९१० पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता, म्हणून छातीवर जपानचा झेंडा आणि निकालात नाव 'सोन कितेई'. चिनी अक्षरं तीच, उच्चार जपानी. दोंगा इल्बो या कोरियन वर्तमानपत्रानं त्याचा फोटो छापताना छातीवरचा झेंडा पुसून टाकला. पत्रकारांना अटक झाली, पेपर बंद ठेवावा लागला. बर्लिनमध्ये सही मागायला लोक आले तेव्हा हा माणूस स्वतःच्या लिपीत, स्वतःचं नाव लिहीत होता.

पुढे १९४० साली जपानी सत्तेनं सगळ्या कोरियन कुटुंबांना जपानी धाटणीची नावं घ्यायला लावली. कागदावर ते ऐच्छिक होतं, पण दबाव असा की सहा महिन्यांत सुमारे ८० टक्के कुटुंबांची नोंद झाली. आणि योगायोग बघा, त्याच १९४० साली सेजोंगच्या लिपीचं मूळ विवरण असलेली १४४६ सालची प्रत सापडली. जन ह्यंगफिल नावाच्या संग्राहकानं ती विकत घेऊन जपानी राजवट संपेपर्यंत लपवून ठेवली. एकीकडे नावं काढून घेतली जात होती आणि दुसरीकडे ती लिहायची किल्ली कुणाच्या तरी घरात दडवलेली होती.

१९८८ च्या ऑलिंपिकला मशाल घेऊन स्टेडियममध्ये शिरला तो पंचाहत्तरी ओलांडलेला हाच सोन गीजंग. लहान मुलासारखा उड्या मारत. ५२ वर्षांनी, स्वतःच्या देशात, स्वतःच्या नावानं.

हे वाचल्यावर भाचीचा हट्ट मला फॅनगिरी वाटेनासा झाला. त्या लोकांना स्वतःच्या नावाचं एवढं का, ते कळलं.

आमच्या गावाचंही बघा ना. निजामाच्या काळात कागदावर उस्मानाबाद झालं, सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानांच्या नावानं. २०२३ मध्ये आधी शहर आणि मग जिल्हा सरकारदरबारी धाराशिव झाला. पण आमचे आजोबा आयुष्यभर "धाराशिवला जाऊन येतो" असंच म्हणायचे आणि पत्रावर पत्ता मात्र उस्मानाबाद घालायचे. शेजारचे चाचा उस्मानाबाद म्हणायचे, अजूनही म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी ते तितकंच घरचं आहे. यावर भांडणारे पुष्कळ आहेत, मी त्यात पडत नाही. मला एवढंच दिसतं की कागदावरचं नाव एका आदेशानं बदलतं, तोंडातलं नाव मात्र ज्याचं त्यानंच बदलावं लागतं.

म्हणून माझ्यापुरता एक साधा नियम केलाय. नाव चुकणं हा गुन्हा नाही, जीभ ज्या सवयींत वाढली तशीच वळणार. पण स्पेलिंग पुढे करून "असंच असणार" म्हणणं बंद. ज्याचं नाव आहे त्याच्या तोंडून एकदा ऐकायचं आणि जमेल तितकं जवळ जायचं. कॉलवर मीसुद्धा आता "इट्स ओके" म्हणत नाही. थांबवतो, एकदा नीट सांगतो. समोरचा दुसऱ्या खेपेला बऱ्यापैकी जवळ येतो. इतकी वर्षं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, त्याचा काय दोष?

हे सगळं मी मोठ्या उत्साहानं फोनवर भाचीला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मामा, मी धाराशिव लिहून बघितलं त्यांच्या लिपीत. 'ध' नाहीच त्यांच्याकडं. 'व' पण नाही. वाचलं की तारा-शि-बु असं कायतरी होतंय."

"मग?"

"मग काय! त्यांचं पण चुकणारच की. मी सांगीन की नीट, आले तर."

असो. जंगुक, कधी आलास आमच्या गावी तर तेर बघून जा. आणि हो, तगर नाही म्हणायचं. तेर.