घोट्याचे टेपिंग आणि शरीराचा तोल

घोटा मुरगळू नये व तोल सावरला जावा म्हणून खेळाडूच्या पायाला विशिष्ट पद्धतीने चिकटपट्टी (टेप) लावण्याची क्रिया. तायक्वांदो व कराटेत लाथ मारताना सारा भार एका पायावर येतो. ज्यूदो व कुस्तीत प्रतिस्पर्धी ओढत असताना पाय रोवावा लागतो. पाऊल एकदम आत वळले, की घोट्याच्या बाहेरील बाजूचे अस्थिबंध ताणले जातात किंवा फाटतात.

टेपचे मुख्य प्रकार दोन. न ताणणारी कडक टेप सांध्याची हालचाल मर्यादित करते. मात्र खेळ सुरू झाल्यावर तिची पकड लवकर सैल होते. लवचीक किनेसिओ टेप जपानचे केंझो कासे यांनी १९७० च्या दशकात विकसित केली. त्वचेवरील स्पर्शामुळे सांध्याच्या स्थितीची जाणीव वाढते, असा तिच्यामागील विचार आहे.

तोल मोजण्यासाठी एका पायावर उभे राहून दुसरा पाय तीन दिशांना शक्य तितका लांबवण्याची ‘वाय’ चाचणी वापरतात. टेपमुळे तोल सुधारतो का, याविषयी निरोगी खेळाडूंबाबत संशोधनाचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. पूर्वी घोटा मुरगळलेल्यांमध्ये मात्र टेपमुळे दुखापत पुन्हा होण्याचे प्रमाण घटते.

  तालमीच्या मऊ मातीपेक्षा मॅटवर पावलाची पकड अधिक घट्ट असते व घोटा मुरगळू शकतो. त्यामुळे टेपला व्यायामाचा पर्याय न मानता तिच्या जोडीला एका पायावरील तोलाचे व्यायाम आवश्यक ठरतात.