राखेची साक्ष

आग लावणाऱ्यास स्मृतिकारांनीं ‘अग्निद’ म्हटलें व त्याची गणना सहा आततायांत केली. पण आग लावणारा राजसत्तेचाच अधिकारी असेल, तर दाद कोठें मागावी? गोमंतकापुढें हा प्रश्न १५६७ च्या सुमारास उभा राहिला.

राशोल किल्ल्याचा कप्तान दियोगो रोद्रिगिश यानें लोटलीच्या ग्रामस्थांस बोलाविलें. ते आले नाहींत म्हणून त्यानें त्यांचें देऊळ जाळलें. ग्रामस्थांनीं न्यायालयांत दाद मागितली, आणि कप्तानानें स्वखर्चानें देऊळ पुन्हा बांधावें असा निवाडा झाला. ही हकीकत जेझुइटांच्याच बखरींत नमूद आहे. परंतु धर्माधिकाऱ्यांनीं व्हाइसरॉयकडे रदबदली केली. निवाडा कागदावरच राहिला, आणि साष्टींतील सुमारें २८० देवळें नष्ट झालीं. लोटलीचे रामनाथ बांदिवड्यास गेले. दिवाडीच्या सप्तकोटेश्वरास त्यापूर्वींच डिचोली महालांतील नार्वें येथें आश्रय मिळाला होता. तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनीं १६६८ सालीं करविला. डिचोली १७८१ त व पेडणें १७८८ त पोर्तुगीज अमलाखालीं आलें, तोंवर देवळें पाडण्याचें धोरण मागें पडलें होतें.

आज कायदा आमच्या बाजूस आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३२६ व्या कलमांत प्रार्थनास्थळ आणि राहतें घर यांस एकच संरक्षण आहे. तीं जाळून नष्ट करण्याच्या हेतूनें आग लावणाऱ्यास जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास, शिवाय दंड. परंतु हेतु किंवा परिणामाची जाणीव सिद्ध करावी लागते, आणि त्याची पहिली साक्षीदार राखच असते. पेडणें वा डिचोलीच्या केंद्रांतून आलेला अग्निशमन अधिकारी आग विझल्यावर पाहतो, तें हें: ज्वाला प्रथम कोठें उठली, एकाच जागीं कीं अनेक जागीं, लाकूड कोठें अधिक खोल जळलें, रॉकेलाचा दर्प येतो काय, विजेच्या तारांत दोष होता काय. संशयित राख हवाबंद डब्यांत मोहोरबंद होऊन प्रयोगशाळेकडे जाते.

येथेंच आमच्या महाजनांस एक विनंती आहे. देवळांत आग लागली कीं आम्ही लगोलग राख झाडतों, फरशी धुतों, शुद्धीचा मुहूर्त पाहतों. ती श्रद्धा आम्हांस मान्य आहे; तथापि पाहणी व पंचनामा होईपर्यंत शुद्धि थांबवावी. तसेंच उत्सवाच्या मांडवाच्या सुक्या झावळ्या आणि तेलाचे डबे देवळालगत रचून घातकी हातास आयतें इंधन देऊं नये.

लोटलीकरांनीं निवाडा मिळविला, पण तो अमलांत आणणारी सत्ता त्यांस लाभली नाहीं. आम्हांस ती लाभली आहे. मात्र पुरावाच धुऊन टाकला तर न्यायाधीशानें निवाडा द्यावा कशावरून?