वादळाची वर्दी

‘तीन नंबरचा बावटा लागला’ असे शब्द कोकणातील बंदरावर कानी पडले, की मचवे किनाऱ्याकडे वळतात आणि निघण्याच्या तयारीत असलेला नाखवा नांगर टाकून स्वस्थ बसतो. हा बावटा म्हणजे केवळ कापडी निशाण नव्हे. बंदरातील उंच काठीवर दिवसा शंकू व नळकांडी, आणि रात्री तांबडे व पांढरे दिवे टांगून वादळाची वर्दी द्यावयाची, अशी ही पद्धत. हिचा उगम मात्र कोकणापासून फार दूर, हुगळीच्या काठी, मोठ्या प्राणहानीतून झाला.

कलकत्त्यास हेन्री पिडिंग्टन नावाचा एक इंग्रज गृहस्थ राहत असे. जहाजांच्या रोजनिशा तपासता तपासता, ही वादळे चक्राकार फिरतात हे त्याच्या ध्यानी आले. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ सुचविणाऱ्या ग्रीक शब्दावरून त्याने त्यांना ‘सायक्लोन’ हे नाव दिले. पुढे मातला नदीवर नवे बंदर वसविण्याचा सरकारी बेत त्याला कळला. तेव्हा १८५३ साली त्याने गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना उद्देशून पत्रिका लिहून बजावले, की एखाद्या दिवशी वादळाबरोबर समुद्राचा लोंढा येईल आणि ही वस्ती बुडवील. इशारा छापला गेला. पण मानला गेला नाही. कॅनिंग बंदर उभे राहिले. पिडिंग्टन १८५८ साली वारला, आणि १८६७ च्या नोव्हेंबरात वादळाने त्या बंदराची दैना केली. काही वर्षांतच ते सोडून द्यावे लागले.

तत्पूर्वी, ५ ऑक्टोबर १८६४ रोजी, खुद्द कलकत्त्यावर वादळ कोसळले होते. हुगळीतून चढलेल्या पाण्याने सुमारे साठ हजार माणसांचा बळी घेतला. या आघाताने सरकार जागे झाले. १८६५ साली कलकत्ता बंदरात वादळाची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले, आणि हळूहळू इतर बंदरांनाही तारेने वर्दी पोचू लागली.

बंदरांसाठी ठरलेल्या अकरा इशाऱ्यांपैकी शेवटचा मोठा मार्मिक आहे. दहावा महासंकटाचा; परंतु अकरावा त्याहून मोठ्या वादळाचा नव्हे. वर्दी देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला असून धोका संभवतो, एवढेच तो सांगतो. बातमी न येणे हीच तेथे बातमी ठरते!

तथापि काठीवरील खूण दर्यावर्द्याला कळते. खेड्यातील म्हातारीचे काय? २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशावर महाचक्रीवादळ आले. सूचना आधी मिळूनही सुमारे दहा हजार माणसे दगावली, कारण सुरक्षित निवारे फार थोडे होते. त्यानंतर किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले गेले, आणि घरोघर निरोप पोचविणारे स्वयंसेवक तयार झाले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ हे वादळ त्याच किनाऱ्यावर आदळले. त्याआधी सुमारे दहा लाख लोक हलविले गेले होते. मृतांची संख्या काही डझनांवर राहिली.

पिडिंग्टनच्या पत्रिकेपासून या निवाऱ्यांपर्यंत दीडशेहून अधिक वर्षे गेली. वादळ ओळखण्याची विद्या या काळात पुष्कळ वाढली. पण वर्दी देणाऱ्याचे काम ती उच्चारल्याने संपत नाही. ऐकणाऱ्याला विश्वास वाटावा आणि त्याच्या पावलांना जाण्यासाठी जागा असावी, तेव्हाच ते पुरे होते.