चिकित्सेचे चार पाद

वैद्य आणि रोगी एवढे दोघे असले म्हणजे चिकित्सा पुरी झाली, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. चरकसंहितेचें मत तसें नाहीं. तिच्या सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायांत चिकित्सेचे पाद चार सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे गुण चार, मिळून सोळा. यांत वैद्याचें प्राधान्य ग्रंथकारास मान्य आहे. माती, दंड, चाक व सूत असूनहि कुंभारावांचून घट होत नाहीं, असा दृष्टान्त त्यानें दिला आहे. परंतु कुंभार कितीहि कुशल असला तरी मातीवांचून त्याचेंहि कांहीं चालत नाहीं, हें त्याच दृष्टान्ताचें दुसरें अंग आहे.

परिचारकाच्या गुणांत उपचारांच्या ज्ञानाबरोबर अनुरागहि, म्हणजे रोग्याविषयींचा जिव्हाळाहि, गणला आहे. याहून मार्मिक गोष्ट रोग्याच्या गुणांत आढळते. त्यानें वैद्याचें ऐकावें व धीर धरावा, हें अपेक्षितच होतें. पण स्मृति आणि ज्ञापकत्व, म्हणजे आपणांस काय होतें तें आठवून सांगण्याची शक्ति, हेहि त्याचे गुण मानले आहेत. सांगणाऱ्याला गुण म्हटलें कीं ऐकणाऱ्यावर कर्तव्य आपोआप येतें.

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायांत गुरु शिष्याला उपदेश करतो. रोग्याच्या घरांतील गोष्टी बाहेर फोडूं नयेत, स्वतःच्या जीवितासाठींहि रोग्याचा द्रोह करूं नये, असें तो बजावतो. राजाचा ज्यांवर रोष आहे त्यांस औषध देऊं नये, असेंहि तेथें म्हटलें आहे. तें आज आम्हांस पटत नाहीं, व पटूंहि नये. याच उपदेशांत एक नाजूक वाक्य आहे. आयुष्य सरत आल्याचें कळलें तरी, जेथें तें बोलल्यानें रोग्याचा किंवा इतरांचा घात होईल तेथें तें बोलूं नये. आमच्या कुटुंबांत या वाक्याचा निषेध तेवढा उरला आणि अट गळून पडली. डॉक्टर व थोरला मुलगा दाराबाहेर कुजबुजतात, आंत सर्वजण हंसरे चेहरे करून बसतात, आणि ज्याचें मरण त्यालाच तेवढें बोलण्याची सोय राहत नाहीं. चौथा पाद असा आपण स्वहस्तें मोडतों.

तो पुन्हां उभा करण्याचें मोठें श्रेय इंग्लंडांतील सिसिली साँडर्स (१९१८–२००५) या बाईंकडे जातें. त्या प्रथम परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळें तें काम सुटलें तेव्हां रुग्णालयांत रोग्यांच्या सांसारिक अडचणी पाहणाऱ्या अधिकारी झाल्या. आणि १९५७ सालीं डॉक्टर झाल्या. चिकित्सेच्या तीन बाजू एकाच व्यक्तीनें अशा जवळून पाहिल्या. १९४८ सालीं वार्सा येथील एक ज्यू निर्वासित, डेव्हिड टास्मा, लंडनच्या रुग्णालयांत मरणोन्मुख होता. त्याच्याशीं झालेल्या संभाषणांतूनच मरणाऱ्यांसाठीं स्वतंत्र गृह काढण्याची कल्पना वाढली. त्यासाठीं त्यानें ५०० पौंड मागें ठेवले. १९६७ सालीं लंडनच्या दक्षिण भागांत सेंट ख्रिस्तोफर्स हें गृह उघडलें. वेदना उसळण्याची वाट न पाहतां ठराविक वेळीं मॉर्फीन द्यावें, हा तेथील परिपाठ. वेदना केवळ शरीराची नसते. ती मनाची, संसाराची आणि श्रद्धेचीहि असते, हा साँडर्सबाईंचा सिद्धान्त. म्हणूनच एकट्या डॉक्टरानें ती शमत नाहीं. परिचारिका, समाजसेवक, धर्मोपदेशक आणि घरचीं माणसें यांनीं एकमेकांस विचारून वागावें लागतें. मुंबईंत १९८६ सालीं निघालेला शांती अवेदना आश्रम याच परंपरेंतला.

रोग्यास सारें एका दमांत सांगून टाकावें, असें आमचें म्हणणें नाहीं. चरकाची अट आम्हांस मान्यच आहे. परंतु घात कशानें होईल हें ठरविण्यापूर्वीं ज्याचा घात व्हावयाचा त्यास विचारावयास नको काय? पुष्कळदां तो सर्व ओळखून असतो आणि आपणांस दुःख होऊं नये म्हणून गप्प बसतो. त्याच्या उशाशीं बसून, तुम्हांला काय वाटतें, एवढें विचारण्यास वैद्यकाची पदवी लागत नाहीं.